कागदावरचे यंत्र, समोरचे यंत्र

यंत्राचे ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष यंत्र तंतोतंत जुळते ते फार तर यंत्र कारखान्यातून बाहेर पडते त्या दिवशी. पुढे यंत्र झिजते, जळते, उघडले जाते, त्यात मिळेल तो सुटा भाग बसतो. कागद मात्र होता तसाच राहतो. पहिल्या दुरुस्तीत पडलेला फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. दहाव्या दुरुस्तीनंतर तोच कागद हाती घेऊन काम करणारा माणूस समोर नसलेले यंत्र दुरुस्त करत असतो. ड्रॉइंग अजिबात नसेल तर कारागीर सावधपणे, तपासत तपासत पुढे जातो. चुकीचे ड्रॉइंग त्याला निर्धास्त करते, आणि म्हणूनच ते अधिक घातक असते.

दुरुस्तीच्या कामात ड्रॉइंगचे तीन-चार प्रकार हाताळावे लागतात. जोडणीचे ड्रॉइंग कोणता भाग कुठे बसतो ते दाखवते. मापांचे ड्रॉइंग शाफ्ट, बुश, बेअरिंगची जागा यांची मापे देते. सर्किट डायग्राम वीज कोणत्या क्रमाने कुठून कुठे जाते ते सांगतो, तर वायरिंग डायग्राम कोणत्या रंगाची तार कोणत्या टर्मिनलला आहे ते सांगतो. शेवटचे दोन प्रकार लोक नेहमी एकच समजतात. सर्किट बरोबर आणि वायरिंग बदललेले, अशी स्थिती सर्रास आढळते, आणि चूक पकडायला तीच सर्वांत अवघड जाते.

बालाघाटच्या डोंगररांगेतल्या अंबाजोगाईत आणि आसपास या प्रश्नाच्या सगळ्या तऱ्हा बघायला मिळतात. शिवारात विहिरी-बोअरच्या हजारो मोटारी आहेत. गावात १९७०च्या दशकात सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. तालुक्यात अंबासाखरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सुमारे २५ किलोमीटरवर परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ मध्ये ३० मेगावॉटच्या संचाने सुरू झालेल्या या केंद्रात पुढे २१० आणि २५० मेगावॉटचे संच आले. गावाला पाणी येते ते मांजरा धरणावरून, धनेगावहून, पंपांच्या जोरावर. इतक्या निरनिराळ्या वयाची आणि घडणीची यंत्रे एका टापूत असली की दुरुस्तीवाल्याच्या हाती येणारे कागदही तितक्याच वयांचे असतात.

यातले सर्वांत रोजचे उदाहरण शेतातल्या मोटारीचे आहे. जळालेली मोटर रिवाइंडिंगला येते तेव्हा तिचे ड्रॉइंग कुणाजवळच नसते. असते ती फक्त अंगावरची पाटी, म्हणजे नेमप्लेट. त्यावर ५ एचपी, ३.७ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, फेरे, करंट एवढी माहिती. आतल्या गुंडाळीबद्दल पाटी काहीच सांगत नाही. म्हणून चांगला कारागीर जुनी तार कापण्यापूर्वी वही उघडतो. स्लॉट किती, पोल किती, कॉइलची उडी कितीवरून कितीवर, एका कॉइलला टर्न किती, तार कोणत्या गेजची, एकेरी की दुहेरी, शेवटी जोड स्टार की डेल्टा, हे सगळे तो लिहून घेतो. ३६ स्लॉटच्या चार पोल मोटारीत एका पोलच्या वाट्याला नऊ स्लॉट येतात, म्हणून पूर्ण उडी १ ते १० येते. ती १ ते ९ आढळली तर तीही मुद्दाम घेतलेली असू शकते, आणि नोंद त्याचीच व्हायला हवी. जुनी कॉइल कापताना टर्न मोजायचे राहून गेले की मोटारीचा एकमेव आराखडा भंगारात जातो.

खरा पेच पुढचा आहे. कारागिराने मोजून लिहिलेली माहिती कारखान्याचीच असेल याची खात्री नसते, कारण मोटर त्याआधी दोन-तीनदा भरलेली असते. लाइनच्या टोकाला असलेल्या शेतात व्होल्टेज फार कमी येते. तिथल्या मोटारींना काही कारागीर मुद्दाम कमी टर्न आणि जाड तार भरतात, म्हणजे साडेतीनशे व्होल्टवरही मोटर पाणी ओढते. त्या शेतापुरती ही दुरुस्ती शहाणपणाची आहे. पण पाटीवर ४१५ व्होल्टच राहतात. पुढे बोअर आटते, मोटर विकली जाते किंवा डीपीजवळच्या दुसऱ्या विहिरीवर बसते, आणि पूर्ण व्होल्टेज मिळताच तिचे लोखंड चुंबकीय प्रवाहाने तुंबते. पंपाचा भार नसतानाही ती जास्त करंट घेते, तापते आणि जळते. नवा कारागीर ती उघडतो, टर्न मोजतो आणि तितकेच पुन्हा भरतो. चूक वहीत प्रामाणिकपणे उतरते आणि दुसऱ्यांदा जळते. शेतकऱ्याच्या लेखी मात्र मोटर खराब किंवा मिस्त्री खराब.

तारेच्या गेजचेही असेच. एसडब्ल्यूजी मोजणीत आकडा वाढला की तार बारीक होते. २० गेजची तार सुमारे ०.९१ मिलिमीटर जाडीची, २१ गेजची ०.८१. फरक नखाएवढाही नाही, पण तांब्याचा छेद पाचव्या हिश्शाने घटतो आणि उष्णता त्या प्रमाणात वाढते. दुकानात २० गेज संपली म्हणून २१ भरली आणि वहीत २०च लिहिली, किंवा काहीच लिहिले नाही, तर पुढच्या वेळी कुणी मायक्रोमीटर लावेपर्यंत तो फरक दडून राहतो. २० गेजच्या एका तारेऐवजी २२च्या दोन तारा एकत्र भरल्या तर छेद कमी न होता थोडा वाढतो. असा बदल योग्यही ठरतो, फक्त स्लॉटमध्ये तो मावला पाहिजे आणि वहीत उतरला पाहिजे.

मोटारीवरून स्टार्टरकडे आले की कागद निदान दिसतो तरी. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून डायग्राम चिकटवलेला असतो. पावसाचे पाणी, गंज, पाली आणि मुंग्या यांतून वाचला तर तो वाचताही येतो. पण त्यात दाखवलेला, एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर प्रत्यक्षात एका तुकडा तारेने बाजूला काढलेला असतो, कारण तो सारखा ट्रिप होत होता आणि पिकाला पाणी द्यायचे होते. थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते. त्या तासांत मोटर बंद पडणे परवडत नाही, म्हणून दोन फेजवर मोटर ओढणारा कंडेन्सर बसवला जातो आणि ऑटो स्विचची तार स्टॉप बटणाच्या वाटेवरून फिरवली जाते. या प्रत्येक बदलामागे शेतकऱ्याची निकड असते आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की झाकणावरचा कागद अजूनही संरक्षण आहे असे सांगतो. त्यावर विश्वास ठेवून नवा वायरमन फ्यूज वाढवून देतो, आणि एक फेज गेली की मोटर दोन फेजवर गुरगुरत जळून जाते.

मोठ्या सबमर्सिबल मोटारींना स्टार-डेल्टा स्टार्टर असतो आणि बोअरमधून तीन-तीन कोअरच्या दोन केबली वर येतात. सहा टोके. जुन्या मोटारींवर ती ए१-ए२, बी१-बी२, सी१-सी२ अशी, नव्यांवर यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२ अशी. केबल मध्येच जोडलेली असेल तर वर दिसणारा रंग आणि खाली मोटारीत असलेला रंग यांचा मेळ राहत नाही. एका गुंडाळीची टोके उलटी लागली तर मोटर उठत नाही, नुसती गुणगुणते आणि भलताच करंट ओढते. यावर डायग्राम काही मदत करत नाही. टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावून कोणती दोन टोके एकाच गुंडाळीची ते आधी शोधावे लागते, मग त्यांची दिशा ठरवावी लागते.

तारेच्या रंगाचा प्रश्न याहून गंभीर आहे. भारतात तीन फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा ही पद्धत वायरमनच्या हाडीमाशी मुरलेली आहे. अमेरिकी यंत्रात काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते. युरोपच्या आजच्या पद्धतीत निळी तार न्यूट्रलची, म्हणजे आपल्याकडे जी फेज तीच. जर्मनीत १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाल तार चक्क अर्थिंगसाठी वापरली जाई. परदेशी बनावटीचे जुने यंत्र, त्यावर इथे केलेले वायरिंग आणि त्यात मधल्या काळात दुसऱ्याने घातलेला तुकडा असे तीन थर एका पॅनलमध्ये सापडले, तर रंगावरून काढलेला कोणताही निष्कर्ष जिवावर बेतू शकतो. यंत्रासोबतचे ड्रॉइंग अशा वेळी बरोबर असूनही फसवते, कारण ते पॅनलपर्यंतचेच असते. भिंतीतल्या तारेची हकीकत त्यात नसते.

रुग्णालयाच्या इमारतीत हीच गोष्ट माणसाच्या श्वासाशी येऊन भिडते. महाराष्ट्रातली जुनी मोठी रुग्णालये एका आराखड्याने उभी राहिली नाहीत, ती टप्प्याटप्प्याने वाढली. एक वॉर्ड आधी, शस्त्रक्रियागृह नंतर, अतिदक्षता विभाग आणखी नंतर. २०२०-२१ च्या कोविड काळात तर ऑक्सिजनच्या टाक्या, नव्या पाइपलाइनी आणि जादा खाटांचे आउटलेट दिवस-रात्र एक करून जोडले गेले. त्या घाईत जोडणी करणाऱ्यांनी जीव वाचवले आणि कागद मागे राहिला, यात त्यांचा दोष काढता येणार नाही. पण आता गळती दुरुस्त करायला एखाद्या वॉर्डचा व्हॉल्व्ह बंद करायचा असेल, तर त्याच्या पुढे आणखी कोणती फांदी फुटली आहे हे कळल्याशिवाय हात लावता येत नाही. जुन्या ड्रॉइंगमध्ये तो व्हॉल्व्ह एका वॉर्डाचा, प्रत्यक्षात दोन वॉर्डांचा, असे असू शकते. म्हणून रीत अशी की आधी वॉर्डातल्या परिचारिकेला विचारून प्रत्येक रुग्ण सिलिंडरवर घ्यायचा, पाइप डोळ्यांनी शेवटपर्यंत बघायचा, आणि मगच व्हॉल्व्ह सावकाश फिरवायचा.

जनरेटरच्या चेंजओव्हरचेही तसेच. सिंगल लाइन डायग्रामवर एक जनरेटर दाखवलेला असतो आणि इमारतीत पुढे कुणी दुसरा छोटा जनरेटर किंवा मोठा इन्व्हर्टर जोडलेला असतो. मुख्य स्विच बंद करून काम सुरू केले तरी लाइन उलट बाजूने जिवंत राहते. वीज कंपनीचे लाइनमन परमिट घेतल्याशिवाय आणि लाइन अर्थ केल्याशिवाय खांबावर चढत नाहीत, ती शिस्त आतल्या वायरिंगला हात लावणाऱ्यानेही पाळायला हवी. कागद बंद म्हणतो तिथेही टेस्टर लावावाच.

मापांच्या ड्रॉइंगमध्ये धोका जिवाला कमी, खर्चाला जास्त. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मोजमाप आले, पण वर्कशॉपमध्ये ‘सूत’ अजून जिवंत आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. चार सुती व्हिटवर्थ बोल्टला एका इंचात १२ आटे असतात. बारा मिलिमीटरचा एम१२ बोल्ट त्याहून जरासा बारीक, त्याच्या दोन आट्यांमधले अंतर १.७५ मिलिमीटर. जुन्या ब्रिटिश घडणीच्या यंत्राचे ड्रॉइंग कुणी नव्याने काढताना सगळे आकडे मिलिमीटरमध्ये बदलून ‘एम१२’ लिहून ठेवले, तर लेथवाला तसाच बोल्ट करून देतो. तो भोकात शिरतो, दोन-तीन आटे फिरतो आणि ढिला राहतो, नाहीतर आटे खाऊन टाकतो. पाइपाच्या आट्यांत फसगत याहून सूक्ष्म आहे. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश आणि अमेरिकी पाइपांना इंचाला आटे १४च, पण आट्याचा कोन ब्रिटिश पद्धतीत ५५ अंश आणि अमेरिकी पद्धतीत ६०. ते एकमेकांत फिरतात, घट्टही वाटतात आणि दाब येताच गळतात. दोरा आणि पेस्ट लावून ही गळती काही दिवस लपते.

बेअरिंगच्या क्रमांकात माप दडलेले असते. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की सहसा आतला व्यास येतो. ६२०५ आणि ६३०५ दोन्ही २५ मिलिमीटर शाफ्टचे, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ५२, दुसऱ्याचा ६२. जुने हाउसिंग झिजले म्हणून लेथवर ते मोठे करून ६३०५ बसवले असेल, तर ड्रॉइंगवरून मागवलेले ६२०५ खोक्यातच पडून राहते आणि पंप आणखी दोन दिवस बंद राहतो. मे महिन्यात धरणातले पाणी तळाला गेलेले असताना हे दोन दिवस गावाला फार मोठे असतात.

ड्रॉइंग वाचण्याच्या पद्धतीतही तफावत आहे. भारतीय मानक ब्युरोचा १९८८ चा एसपी-४६ हा ग्रंथ फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरायला सांगतो आणि तंत्रशिक्षणात तेच शिकवले जाते. अमेरिकी ड्रॉइंगे थर्ड अँगलमध्ये असतात. पहिल्यात वस्तूची डावी बाजू उजवीकडे काढलेली दिसते, दुसऱ्यात डावीकडेच. कोपऱ्यातले छाटलेल्या शंकूचे छोटे चिन्ह न पाहता भाग बनवला तर तो आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा बनतो. त्यात झेरॉक्सची भर. झेरॉक्सवर ड्रॉइंग आक्रसते किंवा ताणले जाते, म्हणून कागदावर पट्टी ठेवून माप कधीच घेऊ नये, लिहिलेलाच आकडा घ्यावा. अमोनिया प्रिंट उन्हात फिकट होतात. त्या मानाने जुन्या ट्रेसिंग क्लॉथवर शाईने काढलेली ड्रॉइंगे फार टिकाऊ. कापडावर आकृती काढून ज्ञान जपण्याची रीत अंबाजोगाईला परकी नाही. संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचा अवघड विषय लांबलचक पासोडीवर अक्षरे आणि आकृत्यांनी मांडला, आणि ती पासोडी चारशे वर्षांनंतरही याच गावात जपून ठेवलेली आहे.

ड्रॉइंग जुने का पडते, याचे कारण आळस हे क्वचितच असते. साखर कारखान्याचे उदाहरण घेतले तर हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंग सुरू होते, आणि मोळी टाकायची तारीख ठरली की सगळे त्या तारखेमागे धावतात. वाफेची लाइन वळवली, एक व्हॉल्व्ह काढून ब्लँक टाकला, पंपाची जागा बदलली, हे सगळे वेल्डिंगच्या ठिणग्यांत होते. ऑफिसात ड्रॉइंग बदलणारा माणूस नसतो, असला तर त्याला कुणी सांगत नाही. ठेकेदार काम संपल्यावर ‘ॲज बिल्ट’, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाचे ड्रॉइंग देतो, पण बरेचदा ते मूळ ड्रॉइंगच असते, फक्त शिक्का नवा. पुढची कित्येक वर्षे कारखाना चालतो तो एका अनुभवी फिटरच्या डोक्यातल्या नकाशावर. कोणत्या व्हॉल्व्हचे चाक उलटे फिरते आणि कोणत्या भिंतीमागे लाइन दबलेली आहे, हे त्यालाच ठाऊक असते. तो निवृत्त झाला की नकाशाही घरी जातो. अशा माणसाच्या शेवटच्या वर्षी एखादा तरुण वही घेऊन त्याच्यासोबत फिरवला, तर त्याहून स्वस्त आणि मोलाचे काम दुसरे नाही. निवृत्तीच्या निरोपसमारंभात शालीबरोबर ही वहीही द्यावी-घ्यावी, असे कुणाला सहसा सुचत नाही.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. अपोलो यानांच्या ऑक्सिजन टाकीतल्या हीटरला जमिनीवरच्या चाचणीत ६५ व्होल्ट मिळतील, असा बदल १९६५ मध्ये झाला. टाकीतले थर्मोस्टॅट स्विच मात्र २८ व्होल्टचेच राहिले. मार्च १९७० मधल्या चाचणीत ते चिकटले, आतल्या तारांचे इन्सुलेशन जळाले आणि १३ एप्रिलला अपोलो-१३ ची टाकी अंतराळात फुटली. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी जमिनीखालची गॅसलाइन फुटून ८ माणसे मेली. १९५६ मध्ये टाकलेला तो पाइप नोंदीत बिनजोडाचा होता, उकरल्यावर तो जोडाचा निघाला. शेतातल्या स्टार्टरच्या झाकणात आणि या दोन घटनांत फरक फक्त आकाराचा आहे.

अलीकडे उलटीही अडचण आली आहे: ड्रॉइंग जुने नसते, ते मिळतच नाही. नव्या यंत्रांसोबत वापरण्याचे पुस्तक येते, सर्किट येत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे आहेत. तालुक्याच्या गावातल्या कारागिराला त्याचा उपयोग व्हायचा असेल तर माहिती त्याच्या भाषेत आणि नेमक्या मॉडेलची हवी. एकाच नावाच्या यंत्रात वर्षागणिक बोर्ड बदलतो आणि मागच्या वर्षीचे सर्किट या वर्षी पुन्हा चुकीचे ठरते.

म्हणून समंजस कारागीर कामाची सुरुवात कागदाच्या तपासणीने करतो. पाटीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक ड्रॉइंगवरच्याशी जुळतो का, कोपऱ्यातल्या चौकटीत सुधारणेचे अक्षर कोणते, तारीख यंत्राच्या आधीची की नंतरची, हे तो आधी पाहतो. मग पुरवठा तोडून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, एका ठिकाणापासून तार हाताने धरत शेवटपर्यंत जातो आणि जुळलेल्या प्रत्येक टर्मिनलवर पेन्सिलीने खूण करतो. जिथे जुळत नाही तिथे लगेच दुरुस्ती करत नाही. तो बदल चुकून झाला की कुणी कारणाने केला, हे ठरवायला थांबतो. काढलेल्या प्रत्येक तारेला टॅग लावतो, उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घेतो. फोटो फार कामाचे आहेत, पण मोबाइल बदलला की तेही जातात, म्हणून वहीला पर्याय नाही. काम झाल्यावर मेगरने इन्सुलेशन तपासून, तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने पाहून ते आकडे लिहितो. पुढच्या कारागिराला ‘ठीक होती’ म्हणजे किती, हे त्यावरून कळते.

शेवटी लाल पेन. बदललेली जागा ड्रॉइंगवर लाल रेषेने घेरून त्यात काय बदलले, का बदलले, तारीख आणि सही एवढे लिहिले की पाच मिनिटांत काम होते. एक प्रत यंत्राजवळ प्लॅस्टिकमध्ये, एक ऑफिसात. जुनी प्रत फाडू नये. तिच्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहून ती मागे लावून ठेवावी, कारण कधीतरी भिंतीत किंवा जमिनीखाली त्या जुन्या कागदावरचीच एखादी लाइन अजून जिवंत सापडते.